भाडेवाढ आणि घर रिकामे करून घेणे : विदर्भातील गावांसाठी आणि तालुक्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

भाड्याचा वाद सुरू झाला की मालक विचारतो, "किराया किती वाढवता येईल?" आणि भाडेकरू विचारतो, "खोली खाली करायला किती दिवस मिळतील?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांची उत्तरे शोधण्यापूर्वी ती वास्तू कोणत्या कायद्याच्या कक्षेत येते हे ठरवावे लागते. नगरपरिषदेच्या हद्दीतील दोन खोल्या आणि तेथून दोन कोसांवरच्या ग्रामपंचायतीच्या गावातील तशाच दोन खोल्या यांना लागू होणारे नियम मुळातच वेगळे असू शकतात. नागपूरच्या वकिलाने आपल्या शहरातील पक्षकाराला दिलेला सल्ला खेड्यातील मालकाने जसाच्या तसा उचलला, तर नोटिशीच्या मुदतीपासून न्यायालयापर्यंत सगळेच चुकण्याचा संभव असतो.

हे मार्गदर्शन राहते घर, दुकानाचा गाळा, गोदाम आणि तत्सम बांधीव जागांपुरते आहे. शेतजमीन मक्त्याने किंवा बटईने दिली असेल, तर तिला विदर्भासाठी असलेला १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा लागू होतो. त्यातील कुळाचे हक्क आणि तहसीलदाराची भूमिका यांचा घरभाड्याच्या नियमांशी काहीही संबंध नाही.

पहिली पायरी : कोणता कायदा लागू आहे ते ठरवणे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यापूर्वी राज्याच्या तीन भागांत तीन निरनिराळ्या व्यवस्था होत्या. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई कायदा होता, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा होता, आणि विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देण्याबाबत व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ चालत असे. या जुन्या आदेशाखाली भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. विदर्भातील अनेक वयस्क मंडळी आजही "आधी कंट्रोलरची परमिशन काढा" असे सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. ती पद्धत १९९९ च्या कायद्याने संपली असून आता नव्या प्रकरणात अशी परवानगी मागण्याची गरज नाही.

१९९९ चा कायदा राज्यातील प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीत नमूद केलेली क्षेत्रे, पूर्वीचे तीन कायदे ज्या क्षेत्रांत लागू होते ती क्षेत्रे, आणि राज्य शासनाने अधिसूचना काढून नंतर समाविष्ट केलेली क्षेत्रे, एवढीच त्याची व्याप्ती आहे. महानगरपालिका आणि जुन्या नगरपरिषदा असलेली गावे सामान्यतः यात येतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील बहुसंख्य खेडी मात्र बाहेर राहतात. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, एवढ्यावरून भाडे नियंत्रण कायदा लागू झाला असे गृहीत धरू नये. अनुसूची आणि अधिसूचना प्रत्यक्ष पाहावी. तालुका न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारल्यास हे सहसा एका भेटीत कळते, आणि ही भेट टाळू नये.

गाव कायद्याच्या क्षेत्रात असूनही काही जागा त्याच्या बाहेर राहतात. शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीची जागा, म्हणजे ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने लिलावाने दिलेला गाळा, या कायद्याखाली येत नाही. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेली जागाही वगळलेली आहे. गावातील इमारत बँकेच्या शाखेसाठी किंवा गच्ची मोबाइल टॉवरसाठी देणाऱ्याने ही बाब विशेष लक्षात ठेवावी, कारण तेथे करारात जे लिहिले असेल तेच चालते, आणि तो करार बहुधा समोरच्या कंपनीनेच छापून आणलेला असतो. याशिवाय, शेतीच्या उपयोगाची इमारत कायद्यातील 'जागा' या व्याख्येतून वगळलेली आहे, आणि ही व्याख्या इमारतीची असल्याने निव्वळ मोकळा प्लॉटही तिच्यात बसत नाही.

जेथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. तो जुना असला तरी जिवंत आहे, आणि खेड्यातील बहुतेक भाडेव्यवहार त्याच्याच कलम १०५ ते ११७ यांवर उभे आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, तेव्हापासून "आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही" असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. तो मसुदा राज्यांनी स्वीकारावा म्हणून पाठवलेला नमुना आहे आणि त्यातील तरतुदी महाराष्ट्रातील घरमालकाला बंधनकारक नाहीत.

दुसरी पायरी : कागद करणे

गावात भाड्याचा व्यवहार अजूनही तोंडी होतो. शाळेत नवीन रुजू झालेले गुरुजी येतात, ओळखीचा कोणी खोली दाखवतो, महिन्याचे भाडे आगाऊ दिले जाते आणि चावी मिळते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे, दरमहा चालणारी भाडेदारी तोंडी करार आणि ताबा यांनी वैध ठरते. परंतु एक वर्षाहून अधिक मुदतीचा, किंवा वर्षागणिक चालणारा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. पाच वर्षांचा करार साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर लिहून ठेवला, तर त्यातील मुदत न्यायालयात पुरावा म्हणून वाचता येत नाही, आणि ती भाडेदारी दरमहाचीच समजली जाण्याचा संभव असतो. कृषी केंद्रासाठी गाळा घेऊन त्यात फर्निचर, रॅक आणि शटर यांवर मोठा खर्च करणाऱ्या दुकानदाराला हा नियम फार महाग पडतो.

जेथे १९९९ चा कायदा लागू आहे, तेथे नियम अधिक कडक आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स करार असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हा समज नगरपरिषदेच्या गावांत इतका पक्का बसलेला आहे की दस्तलेखकही तो बिनदिक्कत सांगतात. या कायद्याच्या क्षेत्रात तो चुकीचा आहे.

भाडेदारी आणि लिव्ह अँड लायसन्स यांतील फरक दोन्ही पक्षांनी करारापूर्वीच समजून घ्यावा. भाडेदारीत जागेत हितसंबंध निर्माण होतो, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात भाडेकरूला मुदत संपल्यानंतरही संरक्षण मिळते. लायसन्समध्ये केवळ वापराची परवानगी असते. त्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर वापरकर्त्याने जागा सोडली नाही, तर मालकाला दिवाणी दावा न लावता शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदत संपल्यापासूनच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टी तेथे निर्णायक पुरावा मानल्या जातात. म्हणून लायसन्सच्या करारावर सही करण्यापूर्वी वापरकर्त्याने प्रत्येक ओळ वाचावी. नंतर "असे बोलणे झाले नव्हते" असे सांगून उपयोग होत नाही. ही जलद वाट फक्त राहत्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी किंवा गोदामासाठी नाही.

खर्चाची भीती बाळगून नोंदणी टाळण्यात अर्थ नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेवर आकारले जाते. समजा भाडे दरमहा ४,००० रुपये, मुदत ११ महिने आणि अनामत २०,००० रुपये आहे. भाडे ४४,००० रुपये होते, अनामतीवरील अकरा महिन्यांचे व्याज सुमारे १,८३३ रुपये धरले जाते, आणि ४५,८३३ रुपयांवर ०.२५ टक्क्यांनी शुल्क एकशे पंधरा रुपयांच्या आसपास येते. पूर्णांकात घेताना ते काहीसे वाढते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि नागरी भागात १,००० रुपये असते. नोंदणी ऑनलाइनही होते, मात्र आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असणे आणि अंगठ्याचा ठसा जुळणे आवश्यक असते. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या मालकांना येथे अडचण येते, तेव्हा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाणे सोयीचे.

करारात जागेचे वर्णन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील मालमत्ता क्रमांकासह आणि चतुःसीमांसह लिहावे. ज्या गावांत स्वामित्व योजनेतून गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तेथे पत्रिकेचा क्रमांकही टाकावा. वाडा अनेक भावांच्या सामाईक नावावर असेल, तर करारावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात किंवा एका भावाला लेखी अधिकारपत्र द्यावे. पुढे भावांत फाटले की भाडेकरूकडे दोघेही भाडे मागायला येतात. अशा वेळी, दुसऱ्याच्या हक्काची माहिती नसताना ज्याच्याकडून जागा घेतली त्याला सद्भावनेने दिलेले भाडे दुसऱ्यांदा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५० सांगते. मात्र तसे दिल्याचा पुरावा हाती असावा लागतो.

तिसरी पायरी : भाडेवाढ

भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात कलम ११ प्रमाणे मालकाला दरसाल ४ टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर पहिल्या वर्षाची वाढ १२० रुपये होते. याखेरीज, सत्तर टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने जागेत सुधारणा किंवा रचनात्मक बदल केले असतील, तर त्या खर्चाच्या दरसाल १५ टक्क्यांपर्यंत भाडे वाढवता येते. नित्याची डागडुजी यात धरली जात नाही, त्यामुळे कवेलू फेरले किंवा भिंतींना चुना दिला म्हणून अशी वाढ मागता येणार नाही. शासनाला किंवा स्थानिक संस्थेला द्यावयाचे कर वाढले असतील, तर कलम १२ प्रमाणे तेवढीच वाढ भाड्यात धरता येते. घरपट्टी वर्षाला ६०० रुपयांनी वाढली, तर महिन्याला पन्नास रुपयांपेक्षा अधिक बोजा भाडेकरूवर टाकता येत नाही. प्रमाणित भाडे, म्हणजे या कायद्याप्रमाणे ठरणारे भाडे, आणि अनुज्ञेय वाढ यांहून जास्त मागणी करणे बेकायदेशीर आहे, आणि भाडे अवाजवी वाटत असल्यास भाडेकरू न्यायालयाकडून प्रमाणित भाडे ठरवून घेऊ शकतो.

या कायद्याबाहेरच्या खेड्यात कोणतीही टक्केवारी ठरवून दिलेली नाही. करारात "दरवर्षी गुढीपाडव्यापासून पाच टक्के" असे लिहिले असेल, तर तेवढी वाढ होते. काहीच लिहिले नसेल, तर मालकाला एकतर्फी वाढ करता येत नाही, कारण भाडे ही करारातील अट आहे आणि ती दोघांच्या संमतीनेच बदलते. मात्र दरमहाची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवण्याचा हक्क मालकाकडे असतो, म्हणून "वाढीव भाडे मान्य नसेल तर जागा सोडा" असे तो कायदेशीरपणे म्हणू शकतो. खेड्यातील भाडेकरूने हे स्पष्टपणे ओळखावे की तेथे भाडेवाढ आणि बेदखली या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि त्याचे खरे संरक्षण मुदत ठरवून नोंदवलेल्या करारातच आहे. दुकानासाठी जागा घेणाऱ्याने निदान तीन वर्षांची मुदत आणि प्रत्येक वर्षीचे भाडे आकड्यांत लिहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

वाढ करताना मालकाने ती कोणत्या तारखेपासून, जुने भाडे किती, नवे भाडे किती आणि कोणत्या कारणाने, हे एका पत्रात लिहून भाडेकरूची सही घ्यावी. मागील तारखेपासून वाढ लावण्याचा प्रयत्न करू नये. वादाची सुरुवात बहुतेकदा तेथूनच होते. कापसाच्या हंगामापुरते गोदाम देणाऱ्यांनी भाडे महिन्याचे की हंगामाचे, आणि हंगाम म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. "माल उचलेपर्यंत" अशी अट लिहिली, तर भाव वाढण्याची वाट पाहत गाठी पडून राहतात आणि मालकाला सोयाबीन ठेवायला जागा उरत नाही.

भाड्याची पावती, दुरुस्ती आणि वीज

१९९९ च्या कायद्याखाली भाडे मिळताच लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. कायदा लागू नसलेल्या गावातही भाडेकरूने पावतीचा आग्रह धरावा, आणि ते संकोचाचे वाटत असेल तर भाडे बँक खात्यात किंवा यूपीआयने द्यावे व शेऱ्यात महिना लिहावा. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ते मनीऑर्डरने पाठवावे आणि "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत आलेली पावती जपून ठेवावी. थकबाकीचा बनाव रचण्यासाठी भाडे नाकारण्याची युक्ती जुनी आहे आणि त्यावर हाच उपाय आहे.

भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु एका वर्षात ही वळती त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. मृगाआधी छताची पाहणी दोघांनी मिळून करावी. पाऊस सुरू झाल्यावर कारागीर मिळत नाही, ताडपत्री महाग होते आणि पत्रव्यवहाराला कोणाकडेच सवड नसते.

चौथी पायरी : जागा रिकामी करून घेणे, जेथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही

येथे कार्यपद्धती तुलनेने सोपी आहे, पण तिच्यात गाळण्यासारखी एकही पायरी नाही. दरमहाच्या भाडेदारीसाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते. शेती किंवा कारखानदारीच्या उद्देशाने दिलेल्या जागेची भाडेदारी, करारात वेगळे लिहिले नसेल तर, वर्षागणिक मानली जाते आणि तिच्यासाठी सहा महिन्यांची नोटीस लागते. पिठाची गिरणी, डाळ मिल किंवा जिनिंगसाठी दिलेले शेड परत घेताना पंधरा दिवसांच्या नोटिशीवर विसंबू नये. मुदत नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. सुधारित तरतुदीप्रमाणे, नोटिशीत मुदत कमी पडली असली तरी दावा योग्य मुदत उलटल्यानंतर लावला असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने नोटीस अवैध ठरत नाही.

नोटीस लेखी आणि सही केलेली असावी. ती टपालाने पाठवता येते, भाडेकरूला किंवा त्याच्या घरातील व्यक्तीला अथवा नोकराला हातोहात देता येते, आणि हे शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवता येते. टपालाने पोचपावतीसह पाठवणे सर्वांत चांगले. चिकटवण्याची वेळ आली तर दोन पंचांसमक्ष चिकटवून छायाचित्र काढावे. नोटिशीत जागेचे वर्णन, भाडेदारी कोणत्या तारखेला संपते, थकबाकी किती आणि ताबा कोणाला द्यावयाचा, एवढेच स्वच्छ लिहावे. राग, जुन्या भांडणांचा इतिहास आणि धमकी यांना नोटिशीत स्थान नाही. उलट पुढे तेच शब्द मालकाविरुद्ध वाचून दाखवले जातात.

नोटीस दिल्यानंतर मालक सर्वाधिक चुकतात ते येथे. भाडेकरू पुढच्या महिन्याचे भाडे आणून देतो आणि मालक नेहमीप्रमाणे ते घेऊन पावती फाडतो. मुदत संपल्यानंतर भाडे म्हणून पैसे स्वीकारणे म्हणजे नोटीस सोडून दिल्याचा किंवा भाडेदारी पुढे चालू ठेवल्याचा युक्तिवाद समोरच्याच्या हाती देणे होय. पैसे घ्यायचेच असतील, तर पावतीवर "जागेच्या वापराबद्दल नुकसानभरपाई म्हणून, हक्क राखून" असे लिहावे.

मुदत उलटूनही ताबा मिळाला नाही, तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात ताब्यासाठी आणि थकबाकीसाठी दावा लावावा लागतो. थकीत भाडे तीन वर्षांपर्यंतचेच वसूल करता येते. ताब्याच्या दाव्याची मुदत भाडेदारी संपल्यापासून बारा वर्षे आहे. "बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो" हा समज याच आकड्यावरून पसरलेला असावा, पण तो चुकीचा आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो, आणि भाडेदारी चालू असताना तो कितीही वर्षांचा झाला तरी मालकी मिळत नाही. मात्र नोटीस देऊन भाडेदारी संपवली आणि नंतर मालक बारा वर्षे स्वस्थ बसला, तर त्याचा हक्क खरोखर धोक्यात येतो.

पाचवी पायरी : जेथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे

भाडेकरू प्रमाणित भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर त्याला बाहेर काढता येत नाही, हे या कायद्याचे मूळ तत्त्व आहे. करारातील मुदत संपली, हे एवढेच कारण भाडेदारीत पुरेसे नाही.

थकबाकीच्या कारणाने दावा लावायचा असेल, तर आधी मागणीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा लावला, तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, दावा निकाली निघेपर्यंत भाडे भरत राहिला आणि खर्च दिला, तर त्या कारणावरून हुकूमनामा, म्हणजे जागा सोडण्याचा न्यायालयाचा आदेश, होत नाही. म्हणून समन्स हाती पडताच भाडेकरूने पहिले काम आकडा काढून भरणा करण्याचे करावे. वकिलाशी चर्चा करण्यात पहिले दोन महिने घालवणाऱ्याच्या हातून हे संरक्षण निसटते.

इतर कारणे कलम १६ मध्ये दिलेली आहेत. लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे किंवा जागेत अवैध धंदे करणे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, नोकरीमुळे दिलेली जागा नोकरी संपल्यावरही न सोडणे, आणि ज्या उद्देशाने घेतली त्यासाठी जागा दाव्यापूर्वी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय न वापरणे, ही त्यांतील नेहमी आढळणारी कारणे होत. मोडकळीस आलेली इमारत पाडणे किंवा मोठी दुरुस्ती करणे यासाठीही ताबा मागता येतो.

सर्वांत जास्त लढवले जाणारे कारण म्हणजे मालकाची स्वतःची वाजवी आणि प्रामाणिक गरज. मुलाचे लग्न ठरले आहे आणि वेगळी खोली हवी आहे, किंवा शिकून परतलेल्या मुलीला त्याच गाळ्यात दवाखाना काढायचा आहे, ही गरज कागदाने आणि साक्षीने सिद्ध करावी लागते. त्यानंतरही न्यायालय, ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि न दिल्याने मालकाला होणारा त्रास यांची तुलना करते. गावात मालकाची दुसरी जागा रिकामी आहे का, भाडेकरूने पर्यायी जागा शोधण्याचा प्रयत्न केला का, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरतात, म्हणून दोघांनीही त्यांची तयारी ठेवावी. गरजेचा बहाणा करून ताबा घेणाऱ्यासाठी कलम १७ आहे. ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात मालक तेथे राहायला गेला नाही, किंवा एका वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू ताब्याच्या तारखेपासून तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो.

हे दावे तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, आणि निकालाविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. लायसन्सच्या प्रकरणात सक्षम प्राधिकाऱ्याची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह दिला नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य समजून आदेश होतो. येथे दिरंगाईला जागाच नाही.

कोणत्याही गावात जे करता येत नाही

कायदा कोणताही लागू असो, कुलूप लावणे, सामान अंगणात काढणे, छताचे टिन उचकटणे, वीज किंवा पाणी तोडणे, या मार्गांनी जागा खाली करून घेता येत नाही. मुदत संपलेल्या भाडेकरूलाही केवळ कायदेशीर मार्गानेच बाहेर काढावे लागते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, शौचालय यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडणे हा गुन्हा आहे आणि न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. कायद्याबाहेरच्या गावात भाडेकरू मनाई हुकूम मागू शकतो, आणि त्याला जबरदस्तीने काढले असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून, मालकीचा प्रश्न न उकरता, ताबा परत मिळवू शकतो. ही सहा महिन्यांची मुदत वाढत नाही.

पोलीस पाटील, सरपंच किंवा ठाणेदार यांच्याकडे घर खाली करून देण्याचा अधिकार नाही. मारहाण, धमकी किंवा घुसखोरी झाली असेल तर पोलिसांकडे अवश्य जावे, पण भाडे आणि ताबा यांचा निर्णय त्यांच्याकडून मागू नये. ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतून बनलेल्या समित्या अनेक गावांत आजही आहेत, आणि त्यांनी घडवलेली तडजोड न्यायालयातील वर्षे वाचवू शकते. मात्र समितीपुढे झालेली तडजोड तारीख, रक्कम आणि साक्षीदारांसह लिहून घ्यावी. समितीने भाडेकरूवर निर्णय लादणे मात्र तिच्या अधिकारात बसत नाही.

समेटाची आणखी भक्कम जागा म्हणजे लोकअदालत. दावा दाखल होण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण तेथे ठेवता येते, कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही. महिला आणि अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करून त्याची चौकशी करता येते. बहुतेक भाडेवादांत रक्कम लहान आणि संबंध जुने असतात, त्यामुळे दाव्याआधी ही वाट एकदा चालून पाहावी, असे माझे मत आहे. "सोयाबीन निघेपर्यंत मुदत द्या, तोवरचे भाडे माफ करा" अशा स्वरूपाची तडजोड न्यायालयाच्या निकालात सहसा मिळत नाही, लोकअदालतीत मिळते.

ताबा देताना आणि घेताना

तडजोड होवो वा हुकूमनामा होवो, शेवटचा दिवस नीट पार पाडावा लागतो. हुकूमनामा असूनही भाडेकरू निघत नसेल, तर मालकाने त्याच न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त दाखल करून बेलिफामार्फत ताबा घ्यावा. हुकूमनामा हाती आहे म्हणून स्वतः कुलूप तोडू नये. ताबा आपखुशीने दिला जात असेल, तर दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे छायाचित्र काढावे, वीज मीटरवरील आकडा लिहावा, आणि वीजबिल, पाणीपट्टी व थकीत भाडे वजा करून अनामतीचा हिशेब त्याच बैठकीत पूर्ण करावा. नेहमीच्या वापराने झालेली झीज, म्हणजे पोपडे आलेला रंग किंवा घासलेली फरशी, अनामतीतून कापणे योग्य नाही. फुटलेली खिडकी किंवा उखडलेला नळ कापता येतो, पण त्याचे बिल दाखवावे.

त्यानंतर दोन प्रतींत ताबापावती करावी. तिच्यावर तारीख, दिलेल्या चाव्यांची संख्या, परत केलेली अनामत आणि "यापुढे एकमेकांकडे काहीही येणे नाही" हे वाक्य असावे, आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांखाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. भाडेकरूने रेशनकार्ड, गॅस जोडणी आणि बँकेत दिलेला जुना पत्ता बदलून घ्यावा. मालकाने भाडेकरूच्या नावाने दुकानाचा परवाना किंवा वीजजोडणी त्या पत्त्यावर उरली आहे का, हे ग्रामपंचायतीत आणि महावितरणच्या कार्यालयात तपासावे, आणि ती बंद झाल्याचा कागद ताबापावतीला जोडून ठेवावा.